नऊ पानांतलं पहिलं पान

गोर्ना लिपा, ९ सप्टेंबर २००२

रालित्सा,

सोडत काढलीत म्हणे! माझ्या नवऱ्याच्या पोटावर सोडत काढलीत, जत्रेत बोकडावर काढतात तशी. आणि मला हे कळतंय कुणाकडून, तर खालच्या गावच्या दोन्काकडून, मिरच्या भाजताना. तिचा भाऊ तुमच्याच इस्पितळात, तुमच्याच त्या औषधाच्या चाचणीत आहे. ती म्हणाली, "स्तोइना, अर्ध्यांना खरी गोळी देतात, अर्ध्यांना नुसत्या पिठाची. कुणाला काय ते यंत्र ठरवतं. तुला सांगितलं नाही?" नशीब, अंगणात आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "माहीत आहे मला," आणि गरम मिरची सोलत बसले. बोटं भाजली तरी कळलं नाही.

टेलिफोन करत नाही. केला की तू "मावशी, समोर पेशंट आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. शिवाय आमचा टेलिफोन नायदेनच्या उशाशी आहे. म्हणून लिहिते. माझी शाळा पाचवीत सुटली, तंबाखूच्या पानांनी सोडवली, तेव्हा चुका काढत बसू नकोस. पत्र बसवाल्या मित्कोच्या हाती देते. तो तुझ्याच हातात देईल, दरवानाच्या नाही.

आता ऐक. जुलैत तूच बोलावलंस. "मावशी, परदेशी कंपनीचं नवीन औषध आलंय, आमच्याकडे आठच जणांना मिळणार, एक जागा उरलीये, काकांना घेऊन या." मी घेऊन आले. डॉक्टर कामेनोवसाठी पांढरं चीज आणि लिंडनच्या फुलांचा मध आणला, सगळ्यात चांगला, घरात न खाता ठेवलेला. नऊ पानांचा कागद पुढे आला. तू बोट ठेवशील तिथे नायदेनने सही केली आणि शेवटी साक्षीदार म्हणून मी. वाचला नाही. डॉक्टरने पुढे केलेला कागद वाचत बसणं म्हणजे डॉक्टरला तोंडावर खोटारडा म्हणणं. तू इथलीच आहेस, तुला हे मी शिकवायला नको.

नायदेनला वाटतं त्याला अल्सर आहे. ती वाईट गाठ आहे हे मला माहीत, तुला माहीत, डॉक्टरला माहीत. मी तसंच ठरवलं. माझ्या आईने बापाच्या वेळी तेच केलं होतं. माणसाला ते नाव सांगितलं की तो दुसऱ्या दिवसापासून मरायला लागतो. त्याला मी अल्सरचं खोटं सांगते ते त्याने जगावं म्हणून, आणि तुम्ही त्याला पीठ खायला घालता?

बाटली बदलून दे. खरी दे. तुझ्या आईच्या आजारपणात दोन हिवाळे तू माझ्या घरात जेवलीस, ते मी काढत नाही, पण काढायला लावू नकोस. उत्तर मित्कोकडे दे.

स्तोइना

*

१४ सप्टेंबर २००२

आदरणीय स्तोइनामावशी,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही रागावलात हे समजू शकते, पण शांतपणे वाचा.

दोन्काताईंनी सांगितलं ते खरं आहे, पण अर्धं. या चाचणीतल्या प्रत्येकाला नेहमीची उपचाराची सलाइन मिळतेच, दर तीन आठवड्यांनी, नायदेनकाकांनाही मिळते. कुणालाच उपचाराविना ठेवलेलं नाही. त्या सलाइनवर वाढीव म्हणून ही नवी गोळी आहे. अर्ध्या लोकांना ती मिळते, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची, कारण तुलना केल्याशिवाय नवं औषध खरंच उपयोगी आहे की नाही हे कळत नाही. कुणाची बाटली कसली आहे हे मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. काकांच्या बाटलीवर फक्त सतरा नंबर आहे, सगळ्या शहरांच्या यादीतला. तेव्हा मी मनात आणलं तरी बदलून देऊ शकत नाही.

हे सगळं संमतीपत्राच्या चौथ्या पानावर होतं आणि मी ते काकांना वाचून दाखवलं होतं. कदाचित तुमचं लक्ष नसेल.

काकांना सांगा, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, एकही चुकवायची नाही. येताना रिकामी बाटली आणायची, आम्ही मोजून वहीत लिहितो. मागच्या वेळी त्यांचा हिशोब अगदी बरोबर होता, डॉक्टर म्हणाले, असा शिस्तीचा पेशंट दुसरा नाही.

आजाराविषयी काही लिहायचं असेल तर पाकीट नीट चिकटवा. मित्को चांगला आहे, पण मित्कोची बायको गप्प बसणारी नाही.

तुमची,
रालित्सा

*

गोर्ना लिपा, २१ सप्टेंबर

रालित्सा,

हे "तुम्ही तुम्ही" काय लावलंयस? तुझ्या केसांतल्या उवा मी काढल्यात. "आदरणीय" म्हणे. इस्पितळाचा शिक्का तेवढा मारायचा राहिला.

चौथं पान तू वाचलंस, कबूल. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. नायदेन खिडकीतून कुणाची तरी गाडी चिखलात अडकलेली बघत होता आणि मधूनमधून "हो हो" म्हणत होता. पण पहिलं पान? तू सुरुवात दुसऱ्यापासून केलीस. पहिलं पान उलटं करून फाइलखाली सरकवलंस, मी बघितलं. तेव्हा मला बरंच वाटलं, कारण पाच मिनिटांपूर्वी व्हरांड्यात मीच तुझा हात धरला होता. "त्याच्यासमोर ते नाव काढू नकोस, तुझ्या आईची शपथ." आता मला सांग, पहिल्या पानावर काय होतं? आणि ते न वाचता बाकीची आठ पानं वाचायला चालतात का? तू शिकलेली, तू सांग.

नायदेन मजेत आहे, हेच तर माझं दुखणं. सलाइन झाली की दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडतो, मग उठतो आणि वाइनच्या बॅरलचं लाकूड ठोकत बसतो. दोन्काच्या भावाचं तोंड सोललंय, तळव्यांची साल निघते. म्हणजे त्याला खरी मिळाली. आमच्याचे तळवे चामड्यासारखे घट्ट. म्हणजे पीठ.

उलट शेजारच्या ब्लागोयचं तोंड आलंय. टोमॅटो खाववत नाही, रकियाचा घोट झोंबतो म्हणतो. रोज रात्री पिणाऱ्या ब्लागोयला रकिया झोंबते! गाव हसतंय, ब्लागोय संत झाला म्हणून.

आता खरं कारण. आमच्या लेकीचं, इस्क्राचं पत्र आलं स्पेनहून. ती ऑक्टोबरात येऊ शकते, रजा आहे. तुला माहीत आहे, नवऱ्याला सोडून निघाली तेव्हा नायदेन म्हणाला होता, माफी मागितल्याशिवाय या अंगणात पाय ठेवायचा नाही. चार वर्षं झाली. मी पत्र वाचून दाखवलं. तो म्हणतो, "पुढच्या उन्हाळ्यात येऊ दे. वरची खोली होईल तोवर. तिलाही थोडं शिजू दे, घाई काय आहे?"

घाई काय आहे! मी चुलीकडे तोंड फिरवलं. त्याला घाई काय आहे ते मला माहीत आहे आणि मी सांगू शकत नाही, कारण मी खोटं बोलून ठेवलंय. डॉक्टर जूनमध्ये मला म्हणाला होता, एक वर्ष, नशीब असेल तर दीड. त्यातले तीन महिने नायदेनने बॅरल ठोकण्यात घालवले. ते त्याचे होते ना? की माझे होते?

लिही. शिक्क्याशिवाय लिही.

स्तोइना

*

३० सप्टेंबर २००२

मावशी,

बरं, शिक्का काढला.

पहिल्या पानावर सगळ्यात वर लिहिलेलं असतं: तुम्हाला जठराचा कर्करोग आहे, आणि तुम्हाला या चाचणीत भाग घ्यायला विचारण्यात येत आहे. बाकीची आठ पानं त्या वाक्यावर उभी आहेत. ते वाक्य माणसाला माहीत नसेल, तर त्याची सही सही नाही, नुसती शाई आहे. ही माझी गोष्ट नाही, नियम आहे. बायको असो, आई असो, शहाण्या माणसाच्या वतीने हो म्हणायचा हक्क कुणालाच नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. या नियमाची परीक्षा देऊन मी चाचणीची ही नोकरी घेतली आहे.

मग मी ते पान खाली का सरकवलं? तू हात धरलास म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं आहे, पण अर्धं. दुसरं अर्धं असं, की जुलैअखेर आठवी जागा भरली नसती तर ती दुसऱ्या शहराला गेली असती. डॉक्टर कामेनोव सकाळीच म्हणाले होते, "रालित्सा, आज आठवा माणूस पाहिजे." मी आत जाऊन त्यांना सांगितलं, घरच्यांना आजाराचं नाव नकोय. ते म्हणाले, "आपल्याकडे कुणाला हवं असतं? घर ठरवतं. वाच तुला हवं तेवढं." मी वाचलं मला हवं तेवढं.

आता तू विचारतेस, सांगू का. मावशी, माझं ऐकशील तर आत्ता नको. हे उघड झालं तर ती सही रद्द होते आणि काका चाचणीबाहेर. गोळी खरी असेल तर तीही गेली. डिसेंबरात पोटाचे फोटो निघतील, तोवर थांब. इस्क्राला बोलावून घे, काहीतरी कारण काढ. बॅरल पुरं झालं म्हण.

आणि धीर सोडू नकोस. तळवे घट्ट आहेत म्हणजे पीठच, असं नसतं. काही जणांना काहीच होत नाही. शुक्रवारीच काकांची बाटली मोजली, एक गोळी इकडची तिकडे नाही. कंपनीचा माणूस वही तपासायला आला होता, त्याने सतरा नंबरवर बरोबरची खूण केली. त्या वेळी मी खिडकीबाहेर बघत होते.

तुझी,
रालित्सा

*

गोर्ना लिपा, ९ ऑक्टोबर

रालित्सा,

टेलिफोनवर तुझ्याशी बोलले त्याला आज सहा दिवस झाले. तिथे तुला नीट ऐकायचं नव्हतं, म्हणून इथे पहिल्यापासून लिहिते. वाच आणि फाडू नकोस.

मागच्या बुधवारी ब्लागोयला ॲम्ब्युलन्सने नेलं. तोंडात आतून जखमा, तळवे, तळपाय सोललेले, अंगात ताप. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, विषारी अळंबी खाल्ली. ब्लागोय मान हलवतो, बोलता येत नाही. मी घरी आले आणि नायदेनला सांगितलं. तो जेवत होता, चमचा खाली ठेवला.

"स्तोइना, एक विचारू? गोळीने असं होतं का?"

"कसली गोळी?"

"माझी. पोटाची."

"तुझ्या गोळीचा ब्लागोयशी काय संबंध?"

"सकाळची माझी, संध्याकाळची त्याची." असं म्हणाला, जसं काही अंगणातल्या नाशपातीची वाटणी सांगतोय. "त्यालाही अल्सर आहे ना, माझ्याहून जुना. परदेशी गोळी, दुकानात मिळत नाही. मी एकट्याने खाऊ? आणि मला अर्ध्यातच बरं वाटतंय. रालित्साला सांगू नकोस, पोरगी मोजते बिचारी."

रालित्सा, दोन्काच्या भावाचीच लक्षणं ही. खरी गोळी होती. सतरा नंबर खरा होता. मी महिनाभर तुला शिव्या दिल्या पिठाच्या, आणि औषध माझ्या घरातून रोज संध्याकाळी कुंपणावरून शेजारी जात होतं. त्यात या माणसाचा काय दोष? आमच्या गावात डोळ्याचा थेंबसुद्धा तीन घरं फिरतो. पोटाची गोळी पोटाच्या माणसाला दिली. नाव माहीत असतं तर हात लावू दिला असता का त्याने?

गुरुवारी तुला टेलिफोन केला. पोस्टातून केला, उभ्याने. तू काय म्हणालीस? "मावशी, कुणाला सांगू नकोस, आधी डॉक्टरांशी बोलते." आणि मी ऐकलं. ते माझं पाप, ते तुझ्यावर ढकलत नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला. दवाखान्यात ते अळंबी शोधत राहिले, ब्लागोयच्या बहिणीला जंगलात पाठवलं, कुठली खाल्ली ती आण म्हणून. साठ वर्षांची बाई पावसात अळंब्या वेचत होती आणि मला माहीत होतं की अळंबी नाही. शनिवारी तिचा चिखलाचा घागरा बघितला आणि मी सतरा नंबरची बाटली शालीखाली घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरच्या टेबलावर ठेवली. "हे खाल्लंय त्याने. रोज एक, अडीच महिने." डॉक्टरने बाटली फिरवून बघितली, नाव नाही, नुसता नंबर. "हे कसलं औषध आहे, बाई?" मी ते नाव पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं. नवऱ्याला नाही सांगितलं, अनोळखी माणसाला सांगितलं.

ब्लागोय वाचला आहे. बोलतो थोडं. दोन दिवस आधी सांगितलं असतं तर त्याची मूत्रपिंडं एवढी बिघडली नसती, असं डॉक्टर म्हणाला. त्या दोन दिवसांतला एक तुझा आणि एक माझा. कसा वाटून घ्यायचा ते बघू.

नायदेनला अजून सांगितलेलं नाही. तो विचारतो, "अल्सरच्या गोळीने मूत्रपिंड कसं बिघडतं गं?"

स्तोइना

*

१२ ऑक्टोबर २००२

मावशी,

घाईत लिहिते आहे.

डॉक्टर कामेनोव म्हणतात, तालुक्याच्या दवाखान्याने अजून कुणाला कळवलेलं नाही, तोवर आपल्याला नीट करता येईल. सोबत एक कागद आहे. त्यावर लिहिलंय की ऑगस्टमध्ये काकांची एक बाटली विहिरीत पडली आणि शेजाऱ्याने चुकून कुठली तरी दुसरी गोळी खाल्ली. खाली काकांची सही आणि साक्षीदार म्हणून तुझी.

मला माहीत आहे हा कसला कागद आहे. पण दुसरी बाजू बघ. वाटून खाल्लं हे वहीत गेलं तर काका त्याच दिवशी बाहेर. आणि आता आपल्याला कळलंय की गोळी खरी आहे. खरी आहे, मावशी! पुरी घेतली तर काय सांगावं. तू स्वतः त्यांच्या तोंडातून ती काढून घेणार का? माझी नोकरी गेली तर जाऊ दे, मी ते म्हणत नाही. तुझ्याच माणसासाठी म्हणते.

गुरुवारपर्यंत सह्या करून पाठव.

रालित्सा

*

गोर्ना लिपा, २० ऑक्टोबर

रालित्सा,

तुझा कागद परत पाठवते आहे, कोरा. आमच्या विहिरीत आजवर एक बादली आणि एक मांजर पडलंय. बाटली पडलेली नाही.

सांगितलं मी त्याला. मंगळवारी, दुपारी. तो मोठं बॅरल आतून घासत होता, डोकं आणि खांदे आत, बाहेर नुसती पाठ. मला वाटलं हेच बरं, तोंड दिसत नाही.

"नायदेन, तो अल्सर नाही."

"मग काय आहे?" आतून आवाज घुमून आला.

"बाहेर ये."

"इथून ऐकू येतंय. बोल."

मग मी त्या बॅरलमध्ये बोलले. नाव सांगितलं. ब्रश थांबला. मला वाटलं आता तो पडेल, आईने सांगितलं होतं तसा तिथेच खचेल. थोड्या वेळाने ब्रश परत सुरू झाला. त्याने उरलेली बाजू पुरी घासली, मग बाहेर आला. दाढीला लाकडाची साल चिकटलेली.

"कधीपासून माहीत आहे?"

"जूनपासून."

"कुणाकुणाला?"

"मला, डॉक्टरला, रालित्साला. दोन्काला अंदाज आहे."

"म्हणजे पोट ज्याचं, तेवढा तोच राहिला."

मी म्हटलं, मी तुझ्यासाठी केलं. तो म्हणाला, "माहीत आहे. पण ब्लागोयला गोळी मी दिली, स्तोइना. माझ्या हाताने दिली. मला सांगितलं असतंस तर मी ती कोंबडीलासुद्धा टाकली नसती." आणि मग रडला. स्वतःसाठी नाही रडला, त्याच्यासाठी रडला. पस्तीस वर्षांत मी त्याला दोनदा रडताना पाहिलंय, हे दुसरं.

बुधवारी तो बसने तालुक्याला गेला, मला येऊ दिलं नाही. ब्लागोयच्या खाटेशी बसून त्याने स्वतः सगळं सांगितलं. ब्लागोयची जीभ अजून जड आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अर्धा कर्करोग दिलास मला? माझ्या बापाने कधी अर्धी भाकरी दिली नाही." दोघे हसले म्हणे. नर्स येऊन ओरडली. माफ केलं की नाही, ते त्याने विचारलं नाही आणि ब्लागोयने सांगितलं नाही. ते दोघांनी कसं मिटवायचं ते त्यांचं.

संध्याकाळी त्याने इस्क्राला टेलिफोन लावला. चार वर्षांनी. मला वाटलं होतं फार बोलेल. तो म्हणाला, "ये. खोली झालेली नाही, तरी ये." शुक्रवारी येते आहे ती. मी जूनमध्ये सांगितलं असतं तर उन्हाळा मिळाला असता दोघांना. हे मला कुणी परत देणार नाही आणि तुलाही नाही.

आता तुझं. नायदेन म्हणतो, त्याला ती नऊ पानं ऐकायची आहेत. पहिलं पान पहिल्यांदा. तुझ्या तोंडून, माझ्या नाही, डॉक्टरच्या नाही. गाठ कसली, गोळी काय करते, काय बिघडवते, बाहेर पडायचं असेल तर कसं. मग तो ठरवेल, घ्यायची की नाही. मी विचारलं, काय ठरवणार? म्हणाला, "ऐकल्याशिवाय कसं सांगू? तू नको ठरवूस." एवढंच. दवाखान्याने नंबर उतरवून परत दिलेली ती बाटली खिडकीत आहे, मंगळवारपासून त्याने तिला हात लावलेला नाही. दिवस जातायत, रालित्सा. तू म्हणालीस, तू स्वतः त्याच्या तोंडातून काढून घेणार का. मी रोज ती बाटली बघते आणि माझा हात शिवशिवतो, एक त्याच्या कॉफीत विरघळवावी म्हणून. मी विरघळवत नाही. असं करायचं नाही हे मी मोठं झाल्यावर, बावन्नाव्या वर्षी शिकले. तू पंचविसाव्या वर्षी परीक्षा देऊन शिकलीस.

आणि वहीचं. तुमच्या वहीत लिहिलंय, सतरा नंबरने दिवसाला दोन गोळ्या खाल्ल्या आणि त्याला काही झालं नाही. खोटं आहे. त्याने एक खाल्ली. उद्या ती वही बघून कुठल्या तरी देशात, कुणा तरी बाईच्या नवऱ्याला लोक सांगतील, दोन खुशाल खा. ती बाई मला ओळखत नाही. मी तिला ओळखते. तिथे खरं लिही: एक त्याची, एक ब्लागोयची, आणि ब्लागोयचं काय झालं तेही. नायदेन म्हणाला, "त्यासाठी काढलं तर काढू दे." हे त्याचे शब्द आहेत, मी घुसडलेले नाहीत.

आणखी सात जण आहेत तुमच्याकडे. त्यांना पहिलं पान वाचून दाखवलंस का? दोन्काचा भाऊ सगळ्यांना सांगतो त्याला जठराची सूज आहे. मला सूज वाटली नाही, तुला वाटली का?

तू वाईट नाहीस. ते मला माहीत आहे, म्हणून तर तुला लिहिते आहे आणि थेट समितीला नाही. तुझ्या त्या नवव्या पानाच्या तळाशी नीती समितीचा पत्ता आहे, चाचणीत काही गैर झालं तर तक्रार करायची तो, आपल्याच शहरातला, दुसऱ्या मजल्यावरचा. दोन्काच्या घरची प्रत आणून मी आता सगळी पानं वाचली. एक एक ओळ, बोट ठेवून, तीन दिवस लागले. काही शब्द कळले नाहीत. तो पत्ता कळला.

शनिवारी २६ तारखेला संत दिमितरचा दिवस आहे, त्या दिवशी ये. इस्क्रा असेल, ब्लागोयची बहीण असेल, टेबल अंगणात मांडू. जेवणाआधी वाच, नंतर नको. डॉक्टर कामेनोवला यायचं असेल तर येऊ दे, पण त्याच्यासाठी मी चीज काढणार नाही.

येणार की नाही, एवढंच लिही. कारणं नकोत. गुरुवारी, २४ तारखेला, दुपारी मित्कोची बस येईल तेव्हा मी थांब्यावर उभी असेन. त्याच्या हातात तुझं उत्तर पाहिजे. नसलं, तर ती बस वळून परत शहराला निघेल तेव्हा मी तिच्यात बसलेली असेन.

स्तोइना